सीट बदलली, धडा मिळाला



या पानावर आम्ही दर अंकात एखादा पाठ देत असतो. कधी व्याकरणाचा, कधी गणिताचा, कधी आरोग्याचा. या वेळचा पाठ मोटारीच्या सीटचा आहे. शाळेच्या पत्रिकेत मोटारीची सीट कशाला, असे कोणी विचारील. पण मागच्या सत्रात दोन जुन्या सीटांनी आम्हाला भूमिती शिकविली, भौतिकशास्त्र शिकविले आणि काटकसर कुठे करावी व कुठे करू नये हेही शिकविले. त्यात एक चूक झाली. ती आमची स्वतःची होती, म्हणून ती आम्हीच सांगणे योग्य.

शाळेच्या कार्यालयाकडे २०१३ सालची एक वॅगन आर आहे. मुलांची रोजची ने-आण तिच्यातून होत नाही. बँकेची कामे, परीक्षेची कागदपत्रे, कधी देवास-उज्जैनची फेरी, एवढेच तिचे काम. मात्र एखादा विद्यार्थी वर्गात आजारी पडला की त्याला घरी किंवा दवाखान्यात पोहोचवायला हीच गाडी निघते. इंजिन चांगले आहे. पुढच्या दोन सीटा मात्र पार बसल्या होत्या. चालकाच्या सीटचा उजवा काठ चढता-उतरता झिजून आतला फोम बाहेर आला होता. आमचे ड्रायव्हर काका घडी घातलेली चादर खाली घेऊन बसत. एक दिवस ते म्हणाले, "सर, गाडी अजून पाच वर्षे चालेल, पण माझी कंबर नाही चालायची."

कंपनीच्या नव्या सीटांची किंमत विचारली. ती कार्यालयाच्या खर्चाच्या मानाने फार होती. तेव्हा आम्ही ठरविले, मोडीत निघालेल्या दुसऱ्या वॅगन आरच्या चांगल्या सीटा आणून बसवाव्यात. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे पहिला क्रमांक मिळविणाऱ्या शहराचे आपण रहिवासी. वस्तू फेकण्याऐवजी पुन्हा वापरावी हे आपण मुलांना रोज सांगतो, मग स्वतः का करू नये? विचार चुकीचा नव्हता. तो अमलात आणताना चुकला.

सीट म्हणजे नुसती गादी नव्हे

आधी सीटची रचना समजून घेऊ. वरचे कव्हर काढले की खाली पॉलियुरेथेन फोमची गादी दिसते. गादीखाली तारांची किंवा स्प्रिंगांची जाळी असते आणि ती पोलादी सांगाड्याला अडकविलेली असते. सांगाड्याच्या तळाशी दोन सरकत्या पट्ट्या असतात, त्यांना मेकॅनिक लोक पटरी म्हणतात. सीट पुढे-मागे करून सोडली की पटरीच्या दात्यांत एक खटका अडकतो. हा खटका दोन्ही पटऱ्यांत अडकावयास हवा. पाठ कलती करण्याचा खटका वेगळा असतो. वर हेडरेस्ट आणि बाजूला सीटबेल्टचे बक्कल. पुष्कळ गाड्यांत हे बक्कल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. सगळी सीट गाडीच्या तळाला बहुधा चार बोल्टांनी बांधलेली असते.

यांतले झिजते काय? सर्वांत आधी कव्हर, मग फोम. फोम म्हणजे लहान लहान कप्प्यांचे जाळे. रोज तासन्‌तास दाबले गेले, वरून उन्हाळ्यात बंद गाडीत तापले, की या कप्प्यांच्या भिंती तुटत जातात आणि गादी पुन्हा वर येईनाशी होते. त्यानंतर जाळीच्या तारा सैल होतात. सांगाडा मात्र बहुधा शाबूत असतो. म्हणून मोडीत काढलेल्या गाडीची सीट घेणे ही मुळात वाईट कल्पना नाही. कमी चाललेल्या गाडीची सीट, त्यातही डाव्या बाजूची, पुष्कळदा चांगल्या स्थितीत मिळते, कारण डाव्या सीटवर रोज कोणी बसतेच असे नाही.

आमची चूक

आम्ही स्वतः एका कबाड्याकडे गेलो. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आपल्या इंदूरला कबाडी म्हणतात तो तिकडचा भंगारवाला.) त्याने दोन सीटा काढून दाखविल्या. कव्हर करकरीत, फोम घट्ट. चार हजारांत जोडी. गाडी कोणती होती, का मोडली, हे आम्ही विचारले नाही. पटऱ्या पाहिल्या नाहीत. बसून पाहिले, बरे वाटले, पैसे दिले. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण आम्ही दरवर्षी सातवीला शिकवितो.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर एका मेकॅनिकला बोलावून सीटा बसविल्या. उजवी नीट बसली. डाव्या सीटचे तीन बोल्ट लागले, पण चौथा भोकासमोर येईना. मेकॅनिकने लोखंडी पहारेने सीट रेटली आणि बोल्ट आत घातला. आम्ही शेजारी उभे होतो. "आता पक्की झाली," असे आम्हीच म्हणालो. खरे तर चौथा बोल्ट आम्हाला काही सांगत होता आणि आम्ही ते ऐकले नाही.

सोमवारी ड्रायव्हर काका आणि कार्यालयातल्या ताई बँकेत निघाल्या. पलासियाच्या चौराह्यावर एक दुचाकी आडवी आली, काकांनी जोरात ब्रेक मारला आणि ताईंची सीट पटरीवरून सरळ पुढे घसरली. ताईंचे दोन्ही गुडघे समोर आपटले. वेग कमी होता, पट्टा लावलेला होता, म्हणून सूज येण्यावर निभावले. ताई काही बोलल्या नाहीत. पण त्याच सीटवर आदल्या आठवड्यात आम्ही तापाने फणफणलेल्या पाचवीच्या एका मुलाला घरी पाठविले होते. तेव्हा जुनी, फाटकी सीट होती. ती फाटकी होती, पण पक्की होती. हा विचार मनातून जाईना. ताईंची आम्ही क्षमा मागितली आणि त्याच दिवशी गाडी उभी केली.

नववीच्या वर्गाने लावलेला शोध

दुसऱ्या दिवशी ती डावी सीट काढून कार्यानुभवाच्या खोलीत आणली. शेजारी आमची जुनी सीट ठेवली. नववीच्या मुलांना सांगितले, "दोष कुठे आहे ते तुम्ही शोधा."

एका मुलीने टेप मागितला. तिचे म्हणणे असे की दोन्ही सीटांच्या तळाच्या चार भोकांची मापे घेऊन ताडून पाहावीत. चार बिंदूंमध्ये किती अंतरे असतात? मुले म्हणाली चार. ती म्हणाली सहा : चार बाजू आणि दोन कर्ण. हाच खरा मुद्दा होता. फक्त चार बाजू जुळल्या म्हणून आकार जुळत नाही. चौकटीला एका कोपऱ्याने ढकलले तर बाजू तेवढ्याच राहून चौकट तिरकी होते. एक कर्ण मोजला की आकार निश्चित होतो. दुसरा कर्ण मोजला की चारही बिंदू एकाच पातळीत आहेत की एखादा वर उचललेला आहे, तेही कळते.

दोन्ही सीटांच्या पटऱ्या एकाच दात्यावर आणून सहाही अंतरे मोजली. बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या. एका कर्णात मात्र ११ मिलिमीटरचा फरक होता. म्हणजे आणलेल्या सीटचा तळ पिळवटलेला होता. गाडीला कोपऱ्यातून धडक बसली असावी. पिळामुळे डाव्या पटरीचा खटका दात्यात पुरता जात नव्हता. उजवा अडकत होता, तोही अर्धाच. पहारेने रेटल्यामुळे पीळ आणखी वाढला. करकरीत कव्हराखाली हे सगळे झाकलेले होते.

मुलीच्या वहीतले ते सहा आकडे आम्ही कार्यालयात लावून ठेवले आहेत.

हिशेब करून पाहू

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात होते, बल म्हणजे द्रव्यमान गुणिले त्वरण. तुमच्या मराठी पुस्तकात द्रव्यमानाला वस्तुमान म्हणतात. शब्द वेगळा, नियम तोच.

न्यूटनचा पहिला नियम सांगतो की गतीत असलेली वस्तू बाहेरून बल लागेपर्यंत त्याच गतीने जात राहते. गाडी थांबते, पण आत बसलेला माणूस आणि त्याची सीट पुढेच जाऊ पाहतात. त्यांना थांबविण्याचे काम पटरी, खटका, बोल्ट आणि पट्टा यांचे.

माणसाचे वस्तुमान ६० किलो आणि सीटचे १५ किलो धरू. एकूण ७५ किलो. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. बल = ७५ × ७ = ५२५ न्यूटन, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाइतके. एवढ्या बळानेच आमचा अर्धवट खटका सुटला.

आता धडक घेऊ. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे समजा. त्वरण (ऋण) १३९ मीटर प्रति सेकंद वर्ग. बल = ७५ × १३९ = सुमारे १०,४०० न्यूटन, म्हणजे १०६० किलो वजनाइतके. एक टनापेक्षा जास्त! सीटबेल्टची इतर टोके गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असल्याने हा सगळा भार सीटवर येत नाही. पण बक्कल सीटला जोडलेले असेल तर त्याचा मोठा वाटा पटऱ्या आणि बोल्टांवर येतोच.

दुसऱ्या रीतीने पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे हे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. आपण मुलांना गच्चीच्या कठड्यावर बसू देत नाही. मग सैल सीटवर कसे बसू द्यावे?

वाहन बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतला १७ क्रमांकाचा नियम सीटांच्या मजबुतीचा आहे. त्यानुसार गुरुत्वीय त्वरणाच्या २० पट त्वरण ३० मिलिसेकंद दिले तरी सीटचा सांगाडा, पटरी आणि खटका तुटता कामा नये. ही परीक्षा सीट त्या गाडीत, तिच्याच बोल्टांनी बांधून घेतलेली असते. आपण सीट बदलतो तेव्हा ही परीक्षा नव्याने कोणी घेत नाही. म्हणून आपण मूळ रचनेच्या जितके जवळ राहू तितके बरे.

जुनी सीट घेताना काय पाहावे

१. त्याच गाडीची, त्याच पिढीची सीट घ्यावी. वॅगन आरचेच पाहा : २०१० मध्ये आलेला आकार जानेवारी २०१९ मध्ये पुरता बदलला. नाव एक म्हणून सीट एक असे नव्हे. काही गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखाली सामानाचा खण असतो, तेही जुळवून पाहावे.

२. मोठ्या गाडीची गुबगुबीत सीट पाहून मोहात पडू नये. एका हितचिंतकांनी आम्हाला मोठ्या गाडीच्या चामडी सीटा सुचविल्या होत्या. पट्ट्या वेल्डिंग करून बसवू, असे मेकॅनिक म्हणाला. वेल्डिंगच्या उष्णतेने मजबूत पोलादाचा त्या जागचा गुण बदलतो. बसण्याची उंची बदलते. बक्कल भलत्या ठिकाणी येते आणि पट्टा कमरेऐवजी पोटावर बसतो. धडकेत पोटावरचा पट्टा आतल्या अवयवांना इजा करतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत आपल्या मनाने बदल करू देत नाही, हेही लक्षात असावे.

३. सहा अंतरे मोजावीत. आपल्या सीटची मापे वहीत लिहून न्यावीत आणि कबाड्याच्या दारातच ताडावीत.

४. सीट उलटी करून पाहावी. पटरीचे दाते झिजलेले आहेत का, सांगाड्यावर ताजा रंग किंवा नवे वेल्डिंग आहे का, पत्रा कुठे सुरकुतला आहे का? सुरकुतलेला पत्रा ही धडकेची खूण.

५. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची सीट नको. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या पुरात पुष्कळ गाड्या बुडाल्या, तिथले आपले मराठी बांधव हे जाणतात. अशा सीटच्या पटरीत वाळलेला गाळ, स्प्रिंगांवर गंज आणि फोमला कुबट वास असतो. वरून धुतली तरी आतला गंज थांबत नाही.

६. पाठीचा खटका प्रत्येक पायरीवर अडकतो का, हेडरेस्ट वर-खाली होऊन थांबते का, हे पाहावे. हेडरेस्ट निदान कानांच्या उंचीला यावे, डोक्याच्या माथ्यापर्यंत आल्यास उत्तम. मागून धडक बसली की मान मागे झटकते, तिला तोच आधार.

७. पावती घ्यावी. गाडी कुठली, कशी मोडीत निघाली, हे लिहून घ्यावे. मीरतचा सोतीगंज बाजार जुन्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होता, पण चोरीच्या गाड्यांच्या व्यवहारामुळे डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. स्वस्त वस्तू कोणाच्या तरी चोरीची तर नाही, हे पाहणे हाही शिक्षणाचाच भाग. २०२१ पासून वाहने मोडीत काढण्यासाठी सरकारने नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले आहेत. जवळ असे केंद्र असेल तर आधी तेथे विचारावे.

जे जुने कधीच घेऊ नये

सीटबेल्ट. तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीत नील्स बोलीन या अभियंत्याने सिद्ध केला. धडकेत हा पट्टा किंचित ताणला जातो आणि त्या ताणण्यातच माणसाच्या छातीवरचा भार कमी होतो. एकदा ताणलेला पट्टा मात्र पुन्हा तसा ताणला जाईल याची खात्री नसते. डोळ्यांना तो नव्यासारखाच दिसतो. म्हणून पट्टा आणि बक्कल आपल्या गाडीचे चांगले असेल तर तेच ठेवावे, नाही तर नवे घ्यावे. यात पैसे वाचवू नयेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मोठी गाडी आणि उत्तम सीट असली तरी पट्ट्याचे काम पट्टाच करतो.

दुसरी गोष्ट बोल्ट. बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण आल्यावर तुटेल. नंतरचा .८ सांगतो की त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटनला, तो कायमचा वाढू लागेल. बाजारातला साधा ४.६ चा बोल्ट याच्या निम्माच ताण सोसतो. दिसायला दोन्ही सारखेच! बोल्ट हरवला किंवा त्याचे आटे गेले तर त्याच मापाचा, त्याच आकड्याचा आणावा.

तिसरी गोष्ट एअरबॅग. आमच्या जुन्या गाडीत ती नाही, म्हणून आमचे काम सोपे होते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या सीटांना पट्ट्याची आठवण देणारी सूचना सक्तीची झाली. अशा गाड्यांत सीटखाली तारा असतात आणि काही गाड्यांच्या सीटच्या कुशीतच एअरबॅग असते. तिच्या तारांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात. पिवळी जोडणी दिसली की घरच्या मेकॅनिकने हात थांबवावा आणि गाडी अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावी. अशा सीटवर बाजारातले जाड कव्हर चढविले तर एअरबॅग वेळेवर बाहेर येणार नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

दुसरी जोडी, या वेळी नीट

पहिल्या सीटा कबाड्याने परत घेतल्या नाहीत. चूक आमची, म्हणून ते चार हजार आम्ही शाळेच्या खात्यातून घेतले नाहीत, स्वतः भरले. दुसरी जोडी शोधायला तीन आठवडे लागले. इंजिन निकामी झाल्यामुळे मोडीत काढलेली, धडक न बसलेली एक वॅगन आर सापडली. तिची कागदपत्रे पाहिली. कव्हरे मळकी आणि उसवलेली होती, म्हणून तिकडे कोणी बघत नव्हते. आमच्याबरोबर टेप घेऊन ती मुलगी आणि तिचे वडील आले होते. सहाही अंतरे जुळली. जोडी साडेसहा हजारांना पडली.

कव्हरे काढून, धुऊन, कुशनवाल्याकडून उसवलेल्या जागा शिवून घेतल्या. फोम उन्हात दोन दिवस वाळविला. पटऱ्या ब्रशने साफ करून त्यांना थोडे ग्रीस दिले. मग नववीच्या वर्गासमोर, मेकॅनिकच्या देखरेखीखाली सीटा बसविल्या. तो क्रम असा :

बॅटरीची ऋण तार काढली. जुन्या बोल्टांवर गंज सोडविणारे तेल आदल्या रात्रीच टाकून ठेवले होते. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मग मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट काढले. दाराच्या उंबऱ्यावर गोणपाट टाकून दोघांनी सीट उचलली, म्हणजे रंग खरवडत नाही आणि कंबरही भरत नाही. सीट बाहेर आली की तळाच्या पत्र्याला बोल्टांच्या जागी गंज किंवा चिरा आहेत का, ते पाहिले. नवी सीट ठेवून आमचीच जुनी बक्कले, चांगली असल्याने, तपासून लावली. चारही बोल्ट आधी हाताने काही आटे फिरविले. बोल्ट हाताने फिरत नसेल तर पाना लावू नये, काही तरी चुकते आहे असे समजावे. चारही लागल्यावर समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने, गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात.

त्यानंतर परीक्षा. सीट प्रत्येक दात्यावर सोडून दोन्ही बाजूंचा "खट्" आवाज ऐकला. दोघांनी धरून पुढे-मागे जोरात हलविली. पट्टा झटक्याने ओढून अडकतो का, पाहिले. मग शाळेच्या मैदानावर कमी वेगात ब्रेक मारून पाहिले. डाव्या सीटवर या वेळी आम्ही स्वतः बसलो होतो. सीट जागची हलली नाही. महिन्याने बोल्ट पुन्हा तपासले, तेही पक्के होते.

ड्रायव्हर काकांची चादर आता डिकीत असते. ताई पुन्हा त्या सीटवर बसल्या, तेव्हा बसण्याआधी त्यांनी सीट हलवून पाहिली आणि हसल्या. आम्हीही हसलो, पण त्यांची ती सवय आम्हाला आवडली.

शेवटी थोडेसे

विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी की काटकसर जरूर करावी, परंतु शाळेत येणाऱ्या जुन्या वस्तूची किंमत विचारण्याआधी तिचे काम काय ते विचारावे. जुने बाक, जुनी कपाटे, जुनी पुस्तके आनंदाने घ्यावीत. ज्या वस्तूवर कोणाचा जीव टांगलेला आहे ती मोजून-तपासून घ्यावी, आणि तपासता येत नसेल तर नवीच घ्यावी. पालकांनीही आपली मुले ज्या व्हॅनने किंवा रिक्षाने येतात तिची सीट एकदा हाताने हलवून पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत आणि वाईटपणाही येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, जुने ते सोने हे खरेच. पण सोनार सोनेसुद्धा कसोटीवर घासून घेतो. आणि मोठ्यांच्या हातून काही चुकत असेल तर टेप मागायला लाजू नका. आमच्या नववीतल्या मुलीने मागितला, म्हणून आज आम्ही हा पाठ लिहू शकलो.

स्वाध्याय

१. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी ०.१ सेकंदात थांबली तर ७५ किलोवर किती बल लागेल? ताशी ५० किलोमीटरच्या उत्तराशी तुलना करा.

२. पाच बिंदूंमध्ये एकूण किती अंतरे असतील? सहा बिंदूंमध्ये? काही नियम दिसतो का?

३. चार पट्ट्या आणि चार खिळ्यांनी एक चौकट करा. ती तिरकी होते का? आता एक कर्णाची पट्टी लावा. काय फरक पडला?

४. घरातल्या पाच जुन्या वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणत्या निर्धास्त वापरता येतील आणि कोणत्या तपासून, ते कारणासह लिहा.

५. आई-वडिलांच्या मदतीने घरच्या गाडीचे हेडरेस्ट प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे लावा आणि वर्गात सांगा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वेग १.६ पट झाला की बलही १.६ पट होते, असे दिसेल. पण तेवढ्याच वेगाची गतिज ऊर्जा काढून पाहिलीत तर ती किती पट वाढते? ते मात्र आम्ही सांगणार नाही.



आपले,
मुख्याध्यापक